शब्दाला जागलेली माणसं

फाउंटनच्या फूटपाथवर पुस्तक घेताना ते पुरं आहे का ते आधी बघावं, ही अक्कल मला १९९८ साली नव्हती. नोकरी लागून चार महिने झाले होते. ऑफिस सुटल्यावर चर्चगेटकडे जाताना त्या ढिगांपाशी पाय रेंगाळायचेच. तिथे एकदा टॉमस मॅलरीचं ‘ल मॉर्त दार्थर’ दिसलं. राजा आर्थर, त्याचं गोल मेज, त्या मेजाभोवतीचे सरदार. शाळेत असताना या गोष्टींची चित्रांची चोपडी वाचली होती, तेव्हापासून मूळ पुस्तक वाचायचं मनात होतं. साठ सांगितले, चाळीसला मिळालं. घासाघीस जिंकल्याच्या आनंदात लोकलमध्ये बसलो. पुस्तकाच्या पाठीवर बारीक अक्षरात ‘खंड १’ छापलंय, हे घरी आल्यावर दिसलं.

दुसऱ्या दिवशी परत गेलो. विक्रेत्यानं ढीग उचकटायचेही कष्ट घेतले नाहीत. “साहब, जो आया वो आया.”

दुसरा खंड मिळाला २००९ साली, पुण्यात एका रद्दीच्या दुकानात, आणि तोही दुसऱ्याच कुठल्या तरी छपाईचा, वेगळ्या मुखपृष्ठाचा. मधल्या काळात तो विकत मागवता आला असता. इंटरनेटवर तर सगळं पुस्तक फुकट होतं. पण आधी पैसे नव्हते, मग पडद्यावर इतकं लांबलचक वाचवेना, आणि नंतर नंतर तो नुसता हट्ट झाला. आज वाटतं, झालं ते बरं झालं. अकरा वर्षं मी फक्त पहिल्या खंडात राहत होतो. तो खंड ट्रिस्ट्रमच्या न संपणाऱ्या गोष्टीच्या मधोमध तुटतो. तोवर गोल मेज शाबूत आहे, आणि सरदार सकाळी घोड्यावर बसून रानात जातात आणि काहीतरी करून परत येतात.

‘सरदार’ लिहिलं खरं, पण हा शब्द मला नेहमी टोचतो. आपल्याकडे नाइटला सरदार म्हणायची पद्धत पडून गेलीय. सरदार म्हटलं की वतन, फौजफाटा, दरबारातली जागा असं डोळ्यांपुढे येतं. मॅलरीचे हे लोक बहुतेक वेळा एकटे असतात. एक घोडा, एक भाला, एक तलवार. त्यांना जवळचा शब्द शिलेदार. बारगिराला घोडा सरकारातून मिळायचा, शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला यायचा. ‘शिव्हलरी’ हा शब्दही घोड्यावरूनच आलाय, फ्रेंचमधल्या ‘शव्हाल’वरून. म्हणजे शिलेदारीच म्हणायची. पण राउंड टेबलचे शिलेदार असं लिहिलं तर वाचणाऱ्याला ते मावळे वाटतील, म्हणून मीही मुकाट्यानं सरदारच लिहितो.

भाषेची धास्ती होती. पंधराव्या शतकातलं इंग्रजी आपल्याला काय झेपणार? पण हिज्जे आजचे केलेले असले की मॅलरी वाचता येतो. लहान वाक्यं, एकाला एक जोडलेली. आणि मग तो म्हणाला, आणि मग ते निघाले, आणि मग एक किल्ला लागला. बखर वाचलेल्या माणसाला ही चाल ओळखीची वाटते. आणखी एक ओळखीची गोष्ट म्हणजे तो सारखा हवाला देतो: फ्रेंच पुस्तकात असं म्हटलंय. कधी कधी ते फ्रेंच पुस्तकात नसतंच, पण म्हणायचं. आमची आजी श्रावणात श्रीधराची पोथी लावायची, कधी ‘हरिविजय’, कधी ‘पांडवप्रताप’. व्यासांचं भारत आमच्या घरी श्रीधराच्या तोंडून आलं. मॅलरी हा त्या लोकांचा श्रीधरच. दुसऱ्या भाषेतल्या लांबच लांब कथा त्यानं कापल्या, सांधल्या आणि आपल्या माणसांना कळेल अशा केल्या.

पोथीतल्यासारखंच इथंही मधूनच काहीतरी भयंकर येऊन जातं आणि सांगणारा थांबत नाही. मे महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेलं मूल तुझा नाश करील, असं जादूगार मर्लिन आर्थरला सांगतो. तेव्हा आर्थर त्या दिवशी जन्मलेली थोरामोठ्यांची सगळी पोरं मागवून जहाजात घालतो आणि जहाज समुद्रात सोडतो. जहाज फुटतं. ज्याच्याबद्दल हे भाकीत, तो आर्थरचाच मुलगा मॉर्ड्रेड, नेमका वाचतो. चांगला राजा, आदर्श राजा, त्याचा हा प्रताप सुरुवातीच्या पानांतच आहे. माझ्या शाळेतल्या चोपडीत हे अर्थातच नव्हतं. आजीला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, कंसच की हा.

पहिल्या खंडाची खोटी तारीफ करणार नाही. त्यात मारामाऱ्या फार आहेत आणि त्या सगळ्या एकाच साच्यातल्या आहेत. भाले मोडतात, दोघं घोड्यावरून पडतात, तलवारी उपसतात, रानडुकरांसारखे एकमेकांवर धावतात, अर्धा दिवस लढतात, जमीन रक्तानं भिजते. मग एक म्हणतो, तुझं नाव काय? हे आधी विचारायला काय झालं होतं, असं दर वेळी वाटतं. मी सांगली भागातला, कुस्तीच्या फडात बसून वाढलेला. त्यामुळे एक गोष्ट लवकर लक्षात आली. मॅलरीला या लढतींत जो रस आहे तो फडातल्या जुन्या शौकिनाचा आहे. कोण कोणाला भारी, कोणी कोणाला चीत केलं, लॅन्सलॉट एक नंबर, त्याखाली ट्रिस्ट्रम, मग लॅमोरॅक. हे लक्षात आल्यावर मी ती पानं फडाबाहेर लावलेल्या जोड्यांच्या यादीसारखी वाचू लागलो आणि त्रास कमी झाला.

त्या खंडातलं एकच प्रकरण मला तेव्हा झोप लागू देईना. बॅलिनचं. गरीब, फाटक्या कपड्यांतला, नुकताच कैदेतून सुटलेला. एक बाई दरबारात कमरेला तलवार अडकवून येते. ती तलवार कोणाला उपसता येत नाही, बॅलिनला येते. बाई म्हणते, तलवार परत दे, नाहीतर हिनंच तू तुझ्या सगळ्यात जवळच्या माणसाला मारशील. तो देत नाही. तेवढ्यात तळ्यातली देवी येते. आर्थरला तिनं तलवार दिलेली असते आणि मोबदल्यात त्यानं, मागशील ते देईन, असा शब्द दिलेला असतो. ती मागते ते बॅलिनचं मुंडकं, किंवा त्या बाईचं.

आर्थर सांगतो, दुसरं काहीही माग. बॅलिन वाट बघत नाही, तो भर दरबारात देवीचंच डोकं उडवतो.

दशरथाच्या गोष्टीवर वाढलेल्या माणसाला इथं काय घडतंय ते समजावून द्यावं लागत नाही. काय मागणार हे माहीत नसताना दिलेला शब्द. को‍ऱ्या कागदावरची सही. या पुस्तकात अशा सह्या पानोपानी आहेत. बॅलिनची गोष्ट पुढे जाते ती एका बेटावर संपते. वाटेत त्याला शिंगाचा आवाज ऐकू येतो, शिकार पडल्यावर वाजवतात तसा. तो म्हणतो, हे माझ्यासाठी वाजतंय, आणि मी तर अजून मेलेलो नाही. किल्ल्यातला एकजण त्याला सांगतो, तुझी ढाल ठीक नाही, माझी मोठी घे. तो ढाल बदलतो. बेटावर लाल चिलखतातला जो सरदार समोर येतो तो त्याचा सख्खा भाऊ बॅलन, आणि भावाला तो त्या ढालीमुळे ओळखू येत नाही. दोघं एकमेकांना जिवे मारतात. शेवटी बॅलन रांगत रांगत येतो, भावाचं शिरस्त्राण काढतो, पण चेहरा इतका चिरलेला आणि रक्ताळलेला असतो की तरीही ओळख पटत नाही. नाव ऐकल्यावर पटते. एका पोटातून आलो, एका खड्ड्यात जाऊ, एवढंच ते म्हणतात आणि तसंच होतं.

मुंबईतल्या माझ्या कॉट बेसिसच्या खोलीत हे वाचल्यावर मी बराच वेळ दिवा चालू ठेवून बसलो होतो. शेजारचा कॉटवाला ओरडला तेव्हा मालवला.

आणि गॅरेथ. एक उंचापुरा पोरगा दरबारात येतो, नाव सांगत नाही, तीन गोष्टी मागतो. पहिली मागणी: वर्षभर खायला-प्यायला द्या. बाकीच्या दोन नंतर सांगेन. सर के नावाचा दरबारचा कारभारी त्याला स्वयंपाकघरात घालतो आणि चिडवून नाव ठेवतो बोमेन्स, म्हणजे सुंदर हातांचा. वर्ष भरल्यावर तो उरलेल्या दोन गोष्टी मागतो: एक मोहीम, आणि सरदारकी हवी ती लॅन्सलॉटच्या हातून. ज्या बाईच्या कामासाठी तो निघतो ती वाटभर नाक मुरडते, म्हणते, तुझ्या अंगाला मुदपाकखान्याचा वास येतो. तो ऐकून घेतो, लढतो, पुन्हा ऐकून घेतो. गावाकडून आलेल्या, इंग्रजी बोलताना अडखळणाऱ्या, ऑफिसात सगळ्यांत धाकट्या पोराला हा गॅरेथ किती आवडला असेल ते सांगायला नको.

पुस्तक लिहिणारा माणूस कोण, हे मी बऱ्याच उशिरा वाचलं, आणि वाचल्यावर पहिला खंड काही महिने कपाटात उलटा ठेवला होता.

पुस्तकाचा लेखक म्हणून सर्वांत जास्त मानला जाणारा मॅलरी म्हणजे वॉरिकशरमधल्या न्यूबोल्ड रेव्हलचा सर टॉमस. १४५० नंतर त्याच्यावर आरोपांची माळच लागलेली दिसते: एका ड्यूकवर दबा धरून हल्ला, गुरं पळवणं, मठावर दरोडा, खंडणी, आणि एका लग्न झालेल्या बाईवर बलात्कार. तेव्हाच्या कायद्यात त्या शब्दात पळवून नेणंही येत असे, म्हणून अभ्यासक अजून भांडतात. राजकीय वैरातून रचलेले आरोप असतील असंही म्हणतात. खटला कधी निकालापर्यंत गेलाच नाही. एकदा तर तो कैदेतून निसटून खंदक पोहून पळाला होता. पुढे वॉर्स ऑफ द रोझेस म्हणतात त्या भाऊबंदकीत बाजू बदलल्या, आणि १४६८ च्या सार्वत्रिक माफीतून त्याचं नाव घेऊन त्याला वगळलं गेलं. पुस्तक त्यानं १४६९-७० च्या सुमारास, कैदेत, पुरं केलं. १४७१ मध्ये तो वारला. विल्यम कॅक्स्टननं ते छापलं १४८५ च्या ३१ जुलैला, २१ भाग आणि ५०७ प्रकरणं पाडून. तीन आठवड्यांनी बॉस्वर्थच्या लढाईत राजा तिसरा रिचर्ड मारला गेला.

या पुस्तकात आर्थरचे सरदार दर पेंटेकॉस्टच्या सणाला शपथ घेतात. अत्याचार करणार नाही, खून करणार नाही, दगा देणार नाही, दया मागेल त्याला दया देईन, बायकांच्या मदतीला जाईन, पैशासाठी खोट्या भांडणात तलवार धरणार नाही. मॅलरीची ही शपथ आणि मॅलरीवरचे आरोपपत्र शेजारी ठेवले तर एकेक कलम जुळतं. १९३४ मध्ये विंचेस्टरच्या शाळेत वॉल्टर ओकशॉट नावाच्या शिक्षकाला या पुस्तकाची हस्तलिखित प्रत सापडली. तोवर सगळं जग कॅक्स्टनचीच छापील प्रत वाचत होतं, माझे खंडही त्याच वळणाचे. हस्तलिखितात शपथेत आणखी एक तुकडा आहे: बायकांवर कधीही जबरदस्ती करणार नाही, केल्यास देहान्त. कॅक्स्टनच्या छपाईत हा तुकडा नाही.

तो कोणी गाळला, का गाळला, यावर मी काही बोलणार नाही. पण ती ओळ लिहिणारा हात मला दिसतो आणि त्या हाताचं काय करावं ते कळत नाही. पश्चात्तापानं लिहिली म्हणावं तर तसा पुरावा नाही. ढोंग म्हणावं तर आठशे-नऊशे पानांचं ढोंग कोण करतो, तेही कोठडीत बसून? पुस्तकाच्या शेवटी तो वाचकांना विनवतो की मी जिवंत असेपर्यंत माझ्या सुटकेसाठी प्रार्थना करा, मेल्यावर आत्म्यासाठी. मला ती करता आली नाही. पण ‘असल्या माणसाचं पुस्तक कशाला वाचायचं’ असंही म्हणता आलं नाही. खंड पुन्हा सुलटा ठेवला, आणि थोड्याच दिवसांत पुण्यात दुसरा हाती लागला.

दुसऱ्या खंडात ग्रेलची, म्हणजे ख्रिस्ताच्या पवित्र पात्राची, शोधयात्रा मी भराभर उलटली. तिच्यात पापपुण्याचा हिशेब फार आहे आणि साधू लोक प्रत्येक स्वप्नाचा अर्थ सांगत बसतात. माझं मन बसलं ते नंतरच्या भागात.

हंगेरीचा अरी नावाचा एक सरदार सात जखमा घेऊन येतो. शाप असा की जगातल्या सर्वोत्तम सरदारानं हात लावल्याशिवाय त्या भरायच्या नाहीत. आर्थर आधी हात लावतो, मग राजे, मग एकामागून एक सरदार, एकशे दहा जण. मॅलरी नावांची यादीच देतो. त्यातले कितीजण पुढे कसे मरणार तेही जाता जाता सांगतो. शेवटी लॅन्सलॉट येतो. त्याला हात लावायचा नसतो, कारण राणीशी असलेलं आपलं नातं त्याला माहीत आहे. आपण सर्वोत्तम नाही हे आता चारचौघांत उघडं पडणार. राजा हुकूम करतो म्हणून तो गुडघे टेकतो आणि मनातल्या मनात देवाला सांगतो, माझी अब्रू राख. जखमा भरून येतात. सगळे आनंदानं ओरडतात, आणि लॅन्सलॉट मार खाल्लेल्या पोरासारखा रडतो.

का रडला, हे मॅलरी सांगत नाही. तो कधीच सांगत नाही.

मग राणी आणि लॅन्सलॉटचं नातं उघड होतं आणि राणीला जाळायची शिक्षा होते. गॅवेन, गॅरेथचा थोरला भाऊ, त्या कामात हात घालायला नकार देतो. गॅरेथला राजाचा हुकूम मोडवत नाही. जातो, पण हत्यार न घेता, चिलखत न घालता. लॅन्सलॉट राणीला सोडवायला गर्दीत घुसतो, डावीउजवीकडे वार करत सुटतो, आणि त्या गर्दीत गॅरेथचं डोकं फुटतं. मारणाऱ्याला कळतही नाही. मी या पोराला अकरा वर्षं ओळखत होतो. त्याचं मरण मॅलरी दोन-चार ओळींत उरकतो.

त्याआधी लॅन्सलॉटनं गॅवेनचा एक भाऊ आणि गॅवेनचेच मुलगे मारलेले असतात, आणि ते गॅवेननं गिळलेलं असतं. मी त्यांना बजावलं होतं, म्हणाला. निःशस्त्र गॅरेथ मात्र त्याला गिळता येत नाही. तो शपथ घेतो: आपल्या दोघांतला एक मरेपर्यंत सोडणार नाही. लॅन्सलॉट म्हणतो, मी अंगावर नुसता सदरा घालून, अनवाणी, सँडविचपासून कार्लाइलपर्यंत चालत जाईन, दर दहा मैलांवर गॅरेथच्या नावानं मठ बांधीन. देशाच्या एका टोकाच्या बंदरापासून दुसऱ्या टोकाच्या सरहद्दीपर्यंत. ऐकणारे सगळे रडतात, राजाही रडतो. गॅवेन म्हणतो, ऐकलं, पण नाही.

इथे मला आमचे तात्या आठवले.

तात्या माझे चुलते, आणि अण्णा त्यांचे चुलत भाऊ. तासगावकडे दोघांची सामाईक विहीर. पाण्याच्या पाळीवरून वाजलं. रात्रीची लाइट, तात्यांची पाळी, आणि अण्णांनी मोटार सुरू केली. भांडण तेवढंच. पण तात्या चार माणसांदेखत बोलून गेले, “तुझ्या दाराची पायरी चढलो तर बापाचं नाव लावणार नाही.” त्यानंतर बावीस वर्षं ते पायरी चढले नाहीत. अण्णांच्या पोरीच्या लग्नाचा आहेर आमच्या हातून गेला. मोटार कधीच जुनी होऊन भंगारात गेली. अण्णांनी दोनदा माणूस धाडला. तात्या म्हणायचे, त्याच्यावर राग नाही रे आता, पण बोललोय ना मी.

गॅवेनच्या अंगात सकाळपासून दुपारी बारापर्यंत ताकद तिप्पट होत जाते, असं वरदान आहे. लॅन्सलॉट बारापर्यंत नुसता ढालीआड राहतो आणि मग त्याला पाडतो. पडलेल्याला मारत नाही. गॅवेन जमिनीवरून ओरडतो, मला आत्ताच मार, नाहीतर बरा झालो की परत येईन. येतो. त्याच जखमेवर पुन्हा वार बसतो. हे सगळं चाललेलं असतं समुद्रापलीकडे, लॅन्सलॉटच्या मुलखात; मागे इंग्लंडात मॉर्ड्रेड गादी बळकावतो. राजा परततो, डोव्हरला उतरताना गॅवेनची जुनी जखम पुन्हा फुटते. मरायच्या अडीच तास आधी तो लॅन्सलॉटला पत्र लिहितो. लिहितो की दोष माझा, लवकर ये, राजाला वाचव, आणि माझ्या थडग्यापाशी ये. सही स्वतःच्या रक्तानं करतो.

पत्र पोचायच्या आत सगळं संपतं, आणि तेही सापामुळे. आर्थर आणि मॉर्ड्रेडचा तह ठरत असतो. दोन्ही फौजांना हुकूम असतो की समोर तलवार उपसलेली दिसली तर तुटून पडा. झुडपातून एक साप निघतो, एका सरदाराच्या पायाला डसतो. तो खाली बघतो, साप बघतो, आणि तलवार काढतो. दुसरं काही त्याच्या मनात नसतं. साप म्हणू नये धाकटा, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं. मी असतो तर मीही हेच केलं असतं. मॅलरी लाख माणूस पडल्याचं सांगतो. पानिपतला लाख बांगडी फुटली म्हणतो आपण, तसला लाख. रात्री चांदण्यात भुरटे लुटारू मैदानात फिरतात, मेलेल्यांच्या अंगठ्या, गळ्यातलं काढून घेतात, अर्धमेल्यांना चिलखतासाठी ठार करतात. हे फ्रेंच पुस्तकातलं वाटत नाही. हे पाहिलेलं वाटतं.

लॅन्सलॉट डोव्हरला येतो तेव्हा रडायलाही कोणी शिल्लक नसतं. तो गॅवेनच्या थडग्यावर दोन रात्री पडून राहतो. आणि गावजेवण घालतो. येईल त्याला मांस, मासे, दारू, वर बारा पेन्स, बाई असो की बाप्या. सुतकी कपडे घालून पैसे स्वतःच्या हातानं वाटतो.

अण्णा २०१० च्या पावसाळ्यात गेले. तात्या रस्त्यावर, कंपाउंडच्या बाहेर, छत्री न उघडता उभे होते. तिरडी बाहेर आली तेव्हा पुढे झाले आणि खांदा दिला. तेराव्याला माणूस फार, अंगणात मावेना, म्हणून मांडव पुढच्या रस्त्यात घातला होता. सकाळी मी पोचलो तेव्हा तात्या धोतर खोचून भाताचं घमेलं घेऊन पंगतीत फिरत होते. पहिल्या पंगतीपासून शेवटच्या पंगतीपर्यंत त्यांनीच वाढलं. अण्णांच्या मुलानं येऊन हात धरला, “तात्या, आता तरी आत चला, चार घास खा.”

“इथंच आण की बाळ,” तात्या म्हणाले. आणि रस्त्यात, मांडवाच्या बांबूला टेकून बसून जेवले.